बायपासनंतर पहिल्या रात्री कुठलं सलाईन? एनएस, आरएल की अल्ब्युमिन

देवगडची_सिस्टर

नमस्कार सगळ्यांना. हार्टच्या आयसीयूत लागून मला चार महिने झाले, त्याआधी पाच वर्षं बाळंतपणाच्या वॉर्डात होते, तिथे सलाईन म्हटलं की हात आपोआप आरएलच्या (रिंगर लॅक्टेट) बाटलीकडे जायचा, इथे आल्यापासून बघतेय तर प्रत्येक सरांचं वेगळं. एक म्हणतात एनएस (नॉर्मल सलाईन, मिठाचं पाणी) लाव, दुसरे म्हणतात एनएस अजिबात नको, तिसरे अल्ब्युमिन (रक्तातलं प्रोटीन) मागवतात. आणि मी विचारलं की "सिस्टर आत्ता वेळ नाही". खरंच नसतो वेळ, तक्रार करत नाही. पण बाटली माझ्या हाताने लागते म्हणून मला समजून घ्यायचंय.

परवाचं सांगते. हर्णैकडचे एक काका, वय ६२, बोटीचा धंदा, शुगर आहे, तीन ग्राफ्टची बायपास. संध्याकाळी पाचला ओटीतून आले तेव्हा अंग गार, तापमान ३५. पहिले दोन तास लघवी धो धो, तासाला २५०-३०० मिली, मग अंग गरम व्हायला लागलं आणि प्रेशर उतरत ८४ वर. सीव्हीपी (हृदयाजवळच्या मोठ्या शिरेतलं प्रेशर) ६. छातीतल्या ड्रेनला तासाला ४०-५० मिली रक्त येत होतं, जास्त नव्हतं. फोनवर ऑर्डर आली एनएस ५००, तासाभराने परत ५००, ओटीतलं धरून रात्री अकरापर्यंत जवळजवळ तीन लिटर एनएस गेलं होतं. अकराच्या एबीजीत (धमनीतल्या रक्ताच्या तपासणीत) पीएच ७.२८, बायकार्ब १७, बेस एक्सेस उणे ९, सोडियम १४०, क्लोराइड ११४, लॅक्टेट १.८. नाईटचे सर आले, स्लिप बघितली, म्हणाले हे आपणच केलंय, आणि एनएस काढून आरएल लावायला सांगितलं.

"आपणच केलंय" म्हणजे काय? आणि दुसरं, आमच्या जुन्या सिस्टर सांगतात हार्टच्या पेशंटला आरएल द्यायचं नाही, त्यात पोटॅशियम असतं आणि लॅक्टेट असतं, मग आपण जे लॅक्टेट मोजतो ते चुकीचं येणार. हे खरं का?

---

गुहागरी_भूलवाला

सिस्टर, प्रश्न मनापासून आवडला. मी कार्डिअॅक अॅनेस्थेशियात आहे, मूळ गुहागरचा, सध्या घाटावर. जरा लांबलचक लिहितो, चहा घेऊन बसा.

आधी तुमची स्लिप. सोडियम १४० मधून क्लोराइड ११४ आणि बायकार्ब १७ वजा करा, उरतात ९. ही झाली अॅनायन गॅप आणि ती नॉर्मल आहे. म्हणजे रक्तात नवीन अॅसिड कुठून तयार होऊन आलेलं नाही, लॅक्टेटही १.८ च आहे, म्हणजे अवयवांना रक्त बऱ्यापैकी पोचतंय. मग पीएच खाली का? क्लोराइड वाढलंय म्हणून. रक्तात क्लोराइड साधारण १०० च्या आसपास असतं आणि एनएसच्या एका लिटरात सोडियम १५४ आणि क्लोराइडही १५४. नावात नॉर्मल आहे म्हणून आपल्याला वाटतं ते रक्तासारखं असेल, पण क्लोराइडच्या बाबतीत ते रक्ताच्या दीडपट आहे. तीन लिटर ओतल्यावर हेच होणार, त्याला हायपरक्लोरेमिक अॅसिडोसिस म्हणतात, आणि म्हणूनच तुमचे सर म्हणाले आपणच केलंय. बरोबर बोलले. अशा वेळी सोडा बायकार्ब घेऊन मागे लागायची गरज बहुतेक वेळा पडत नाही, ओतणं थांबवलं की किडनी जास्तीचं क्लोराइड हळूहळू बाहेर टाकते. धोका असा की रात्री कोणीतरी फक्त पीएच बघतो, शॉक वाढला समजतो आणि अजून एक एनएस लावतो.

आता आरएल. सिडनी रिंगर या इंग्रज डॉक्टरने १८८० च्या दशकात बेडकाचं हृदय शरीराबाहेर धडधडत ठेवण्यासाठी जे क्षारांचं पाणी बनवलं त्यातून हे आलंय, म्हणजे मुळात हृदयासाठीच! पुढे १९३२ मध्ये अमेरिकेतल्या अॅलेक्सिस हार्टमन या मुलांच्या डॉक्टरने त्यात लॅक्टेट घातलं, कारण त्यांना जुलाबाने अॅसिडोसिस झालेल्या मुलांना काहीतरी द्यायचं होतं. यात क्लोराइड ११० च्या आसपास, सोडियम १३०, पोटॅशियम ४, थोडं कॅल्शियम आणि लॅक्टेट २८.

पोटॅशियमची भीती सोडून द्या. ४ म्हणजे आपल्या रक्तात असतं तेवढंच, ४ च्या पाण्याने पेशंटचा ५ चा पोटॅशियम ६ कसा होईल? उलट एनएसने जो अॅसिडोसिस होतो त्याने पोटॅशियम पेशीतून बाहेर येतं. किडनी बसवलेल्या पेशंटमध्ये दोन्ही देऊन तुलना झालीय, पोटॅशियम वाढण्याचा त्रास एनएसवाल्यांनाच जास्त झाला.

लॅक्टेटचंही तसंच. बाटलीत असतं ते सोडियम लॅक्टेट, लिव्हर त्याचं बायकार्ब करते. लिव्हर बरी असेल तर २५०-५०० मिलीने रीडिंग फारसं हलत नाही. आरएल चालू असताना लॅक्टेट २ चं ४ झालं तर बाटलीला दोष देऊन गप्प बसू नका, सर्जनला उठवा, हृदय कमी पडत असेल. हा मुद्दा मी आमच्या पोरांना दर महिन्याला सांगतो कारण "आरएल चालू आहे ना म्हणून वाढलं असेल" या एका वाक्यात दोन-तीन तास सहज जातात, आणि ते तास परत मिळत नाहीत.

मग एनएस म्हणजे विष का? नाही. २०१८ मध्ये अमेरिकेत व्हँडरबिल्टला स्मार्ट नावाचा मोठा अभ्यास झाला, आयसीयूतले १५,८०२ पेशंट, मृत्यू किंवा डायलिसिस किंवा किडनी न सुधारणं हे सगळं मिळून एनएसवाल्यांत १५.४ टक्के आणि आरएल किंवा प्लाझ्मालाइट (आरएलसारखंच, क्लोराइड कमी असलेलं पाणी) वाल्यांत १४.३ टक्के. फरक आहे पण लहान. २०२१ मध्ये ब्राझीलचा बेसिक्स आणि २०२२ मध्ये ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडचा प्लस आला, त्यात मृत्यूत म्हणावा असा फरक दिसला नाही. माझा हात आरएल किंवा प्लाझ्मालाइटकडेच जातो, पण कोणी ५०० मिली एनएस दिलं म्हणून त्याच्याशी भांडणार नाही. तीन लिटर दिलं तर भांडेन. डोक्याला मार असेल, उलट्या होऊन क्लोराइड गेलेलं असेल तर एनएसच बरं.

अल्ब्युमिन. ऐकायला छान वाटतं की प्रोटीन आहे, पाणी शिरेत धरून ठेवेल. पण पंपावर (ऑपरेशनमधल्या हार्ट-लंग मशीनवर) गेलेल्या पेशंटच्या केशवाहिन्या एकदोन दिवस गळक्या असतात, त्यामुळे पुस्तकात लिहिलंय तेवढं ते आत राहत नाही. हेलसिंकीला नेमका हाच प्रश्न घेऊन हार्ट सर्जरीच्या १३८६ पेशंटवर अभ्यास झाला, निकाल २०२२ ला आला, ४ टक्के अल्ब्युमिन एका गटाला आणि रिंगर अॅसिटेट दुसऱ्याला, ९० दिवसांतल्या मोठ्या गुंतागुंती अल्ब्युमिनने कमी झाल्या नाहीत. पाणी थोडं कमी लागतं हे खरं, पण एका बाटलीला नातेवाईकांचे हजारो रुपये जातात, आमच्या कोकणातली माणसं आंब्याच्या सीझनचे पैसे घेऊन आलेली असतात, त्यामुळे सवय म्हणून मी ते लिहीत नाही. अल्ब्युमिन खूपच खाली असेल, पाणी आधीच भरपूर झालेलं असेल तर विचार करतो.

स्टार्च (शिरेतून देतात ते स्टार्चचं पाणी) कोणी लावायला सांगितलं तर मात्र थांबा आणि विचारा. त्याची बाजू मांडणारे कितीतरी पेपर योआखिम बोल्ट नावाच्या जर्मन भूलतज्ज्ञाचे होते, हार्ट सर्जरीवरचेही, ते पुढे डझनावारी मागे घेतले गेले. २०१२ च्या चेस्ट या अभ्यासात सुमारे ७००० पेशंट होते, स्टार्चवाल्यांना डायलिसिस जास्त लागलं. २०१३ ला अमेरिकेने कडक इशारा छापला आणि २०२२ ला युरोपने परवानाच थांबवला.

आता मला जे खरं सांगायचंय ते. कुठली बाटली हा प्रश्न दुसरा, पहिला प्रश्न बाटली हवी का. तुमच्या काकांचं प्रेशर का पडलं? पंपावर थंड केलेलं अंग आयसीयूत गरम झालं, शिरा सैल पडल्या, त्यात दोन तास लघवी धो धो. पाणी थोडं कमी होतंच, २५० मिली आरएल दहा-पंधरा मिनिटांत देऊन बघणं बरोबर. पण बघणं म्हणजे खरंच बघणं! बेडशी उभं राहून. त्याआधी बेडच तिरका करून पाय वर घेता येतात (पायाची शीर काढलेली असते, पट्ट्या असतात, हाताने उचलू नका), मिनिटभरात प्रेशर सुधारलं तर पाणी उपयोगी पडेल, हललं नाही तर पाचशेची बाटलीसुद्धा हलवणार नाही. मग थोडं नॉरअॅड्रेनालिन (सैल शिरा आवळणारं औषध) लागेल किंवा हृदयाला जोर देणारं औषध, आणि इको. नुसता सीव्हीपीचा आकडा बघून पाणी देऊ नका, ६ असला म्हणजे टाकी रिकामी असं नसतं.

आणि एक गोष्ट भिंतीवर लिहून ठेवा. वाहणारा ड्रेन अचानक बंद, सीव्हीपी चढतोय, प्रेशर पडतंय, लघवी आटली. हे टॅम्पोनाड. हृदयाभोवती रक्त साठलंय. इथे पाण्याने फक्त थोडा वेळ मिळतो, पेशंट वाचतो तो छाती परत उघडल्याने.

---

वरिष्ठ_सिस्टर_चिपळूण

डॉक्टरांनी छान लिहिलंय. मी एकवीस वर्षं हार्टच्या आयसीयूत आहे, आमच्या बाजूचं थोडं सांगते कारण पाणी डॉक्टर लिहितात पण जातं आपल्या हातून.

बाई ग, चार्टवर लिहिलेलं मेंटेनन्स सोडून किती पाणी जातं ते एकदा मोजून बघ. आर्टरी लाइन आणि सेंट्रल लाइन, दोघांच्या ट्रान्सड्यूसरचा (प्रेशर मोजायच्या यंत्राचा) फ्लश तासाला तीन तीन मिली, दिवसाचे १४४. पॅरासिटामॉल १०० मिली चार वेळा, ४००. अँटिबायोटिक १०० मिलीत तीन वेळा, ३००. पोटॅशियमची करेक्शन १०० मिलीत दोनदा, २००. हे झालं हजाराच्या वर आणि अजून बाटली लावलेलीच नाही! त्यावर तासाला ५० चं मेंटेनन्स म्हणजे १२००. सकाळी राउंडला सर विचारतात सूज कुठून आली. मी नवीन मुलींना सांगते प्रत्येक सिरिंज लिही, फ्लशचीसुद्धा. आणि जमेल ते औषध कमी पाण्यात आणि नुसत्या एनएसऐवजी चालत असेल तर दुसऱ्यात मिळवता येईल का ते फार्मसीला विचार.

रक्त चढवताना त्याच नळीतून आरएल नको, आरएलमध्ये कॅल्शियम आहे आणि पिशवीतलं रक्त पातळ ठेवायला सायट्रेट असतं, कॅल्शियम मिळालं की नळीतच गुठळी होण्याची भीती. रक्ताबरोबर एनएस. सेफ्ट्रायाक्सोन हे अँटिबायोटिकही आरएलच्या लाइनमध्ये नाही.

वजन! ऑपरेशनच्या आधीचं वजन फाईलच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात. तिसऱ्या दिवशी पेशंट उभा राहिला की रोज सकाळी एकाच काट्यावर, लघवी करून आल्यावर, नाश्त्याच्या आधी. तीन-चार किलो वाढलेलं असतं कितीदा तरी. ते सगळं आपण ओतलेलं पाणी, आणि मग त्यासाठी लॅसिक्स (लघवी करवणारं औषध).

अजून एक, मला स्वतःला हे कळलं तेव्हा धक्का बसला होता. एनएस ०.९ टक्के, म्हणजे एका लिटरात ९ ग्रॅम मीठ. डब्ल्यूएचओ सांगते दिवसाला ५ ग्रॅमच्या आत. आपण डिस्चार्जला पेशंटला बजावतो की खारा बांगडा बंद, सुकट बंद, पापड लोणचं बंद, आणि पहिल्या रात्री आपणच शिरेतून २७ ग्रॅम मीठ दिलेलं असतं.

---

कुडाळचा_डॉक्टर

मी फिजिशियन. आमच्याकडे ऑपरेशन होत नाही, मुंबई, कोल्हापूर, गोवा, बेळगाव कुठून तरी करून आठव्या-दहाव्या दिवशी पेशंट गावी येतात आणि मग बाराव्या दिवशी माझ्या दारात. त्यामुळे ही चर्चा आयसीयूपुरती ठेवू नका अशी विनंती.

आपल्याकडे "सलाईन" हा शब्दच घोटाळा करतो. एनएस असो, आरएल असो, ग्लुकोज असो, लोकांच्या तोंडी सगळं सलाईन, आणि सलाईन म्हणजे ताकद. "डॉक्टर, आयेक लय अशक्तपणा इलोहा, एक सलाईन लावा." नातेवाईक काळजीनेच सांगतात. पण दोन-चार वर्षांपूर्वी या आग्रहाला मी बळी पडलो ते सांगतो. ५८ वर्षांच्या बाई, मायट्रल व्हॉल्व बदललेला, लहानपणी संधिवाताच्या तापाने खराब झालेला. चक्कर, अन्न जात नाही, प्रेशर १००. मे महिना, उकाडा, मला वाटलं पाणी कमी पडलं. दुपारी दोन बाटल्या एनएस लावल्या, एक लिटर. डिस्चार्जच्या कागदावर वजन ५४ लिहिलं होतं ते मी वाचलंच नाही, माझ्याकडच्या काट्यावर त्या साडेपंचावन्न होत्या. म्हणजे पाणी कमी नव्हतंच, जास्त होतं. रात्री दीडला फोन, आडवं पडता येत नाही, उशा लावून बसलेल्या, छातीत खालून वरपर्यंत चरचर. लॅसिक्स, ऑक्सिजन, पहाटेपर्यंत मी खुर्चीतच होतो. सुधारल्या, आजही दाखवायला येतात. पण तो काटा माझ्या टेबलापासून चार फुटांवर होता हे मी विसरलेलो नाही.

आता पेशंट आला की आधी वजन, मग मानेच्या शिरा, पाय, मग इको. इको यासाठीही की रक्त पातळ करायची गोळी चालू असलेल्यांना दुसऱ्या आठवड्यातही हृदयाभोवती पाणी-रक्त साठू शकतं आणि ते येतं अशक्तपणा, धाप, कमी प्रेशर घेऊनच, अगदी "सलाईन लावा" असंच दिसणारं.

याचा अर्थ पाणी द्यायचंच नाही असा घेऊ नका कोणी. आपला उकाडा आहे, लघवीची गोळी चालू आहे, त्यात जुलाब झाले तर माणूस खरंच सुकतो आणि किडनी बसते. वजन डिस्चार्जच्या खाली गेलंय, जीभ कोरडी, उभं केल्यावर प्रेशर पडतंय, अशाला मी आरएल देतो, २५० देतो, परत तपासतो. लघवीची गोळी तेवढी थांबवतो. नुसतं ग्लुकोजचं पाणी प्रेशरसाठी लावू नये, साखर जळून जाते आणि उरतं साधं पाणी, ते शिरेत थांबत नाही आणि सोडियम खाली आणतं.

---

रत्नांग्री_दादा

मी डॉक्टर नाही. वडिलांची बायपास दोन वर्षांपूर्वी झाली म्हणून हा धागा पूर्ण वाचला, एक अनुभव लिहू का?

घरी आल्यावर बघायला येणारा प्रत्येक जण शहाळी घेऊन. आमच्याच वाडीतले माड, कोणाला नको म्हणणार. दिवसाला तीन-चार शहाळी व्हायची, आई म्हणायची थंड असतं, हार्टला चांगलं. आठ दिवसांनी हातापायातली ताकद गेल्यासारखं, नाडी मंद. रक्त तपासलं तर पोटॅशियम ६.१. रात्रीच अॅडमिट केलं. त्यांना रॅमिप्रिल आणि स्पायरोनोलॅक्टोन होतं, डिस्चार्ज देताना शहाळ्याबद्दल कोणी काही बोललं नव्हतं. किंवा बोलले असतील, त्या गर्दीत आम्ही ऐकलं नसेल. वडील आता ठीक आहेत. पण माझ्यासारख्यांनी पाणी म्हणून काय द्यायचं घरी?

---

कुडाळचा_डॉक्टर

दादा, बरं झालं लिहिलंत. वरच्या चर्चेत आरएलमधल्या पोटॅशियमची भीती आली ना, आता हिशोब बघा. आरएलच्या एका लिटरात ४ मिलिमोल. एका शहाळ्याच्या पाव लिटर पाण्यात साधारण ५०० ते ६०० मिग्रॅ पोटॅशियम, म्हणजे १३ ते १५ मिलिमोल. एक शहाळं म्हणजे तीन लिटर आरएल! तुमच्या वडिलांनी चार घेतली आणि वर पोटॅशियम अडवून धरणाऱ्या दोन गोळ्या. किडनी चांगली असेल आणि या गोळ्या नसतील तर अधूनमधून एखादं चालतं, पण रिपोर्ट बघून, आपल्या डॉक्टरांना विचारून.

घरी काय द्यायचं तर आधी फाईलमध्ये दिवसाचं पाणी किती लिहिलंय ते बघा, दीड लिटर लिहिलं असेल तर चहा, पेज, ताक, आमटी, सोलकढी सगळं त्यातच. एक लिटरची बाटली आणि एक अर्ध्याची सकाळी भरून ठेवायची, काहीही पातळ दिलं की तेवढं पाणी बाटलीतून ओतून टाकायचं, संध्याकाळी किती उरलं ते दिसतं. पेज मऊ आणि बिनमिठाची, सोलकढीत मीठ नावापुरतं. रोज सकाळी वजन, दोन दिवसांत दीड-दोन किलो वाढलं तर फोन करायचा, सूज दिसायची वाट बघायची नाही. आणि बाजारात "कमी सोडियमचं मीठ" मिळतं त्यात पोटॅशियम असतं, या गोळ्यांवर ते नको.

---

गुहागरी_भूलवाला

शहाळ्याचा हिशोब मी उद्या आमच्या राउंडला सांगणार. पोटॅशियमवरून आठवलं, हार्ट सर्जरीनंतर ते ४.५ च्या वरच हवं म्हणून आपण वर्षानुवर्षं बाटल्यांत केसीएल देत आलो, ठोके बिघडू नयेत म्हणून. २०२४ मध्ये टाइट-के नावाचा अभ्यास आला, बायपासचे १६९० पेशंट, ३.६ च्या खाली गेल्यावरच दिलं तरी एट्रियल फिब्रिलेशन (ठोके अनियमित होणं) जास्त झालं नाही. म्हणजे वरिष्ठ सिस्टरांच्या यादीतले ते २०० मिलीही कितीदा वाचतील. मात्र तुमच्या युनिटचा जो नियम असेल तो तुमच्या सरांशी बोलूनच बदला.

---

देवगडची_सिस्टर

सगळ्यांचे खूप आभार, हे मी वहीत उतरवून घेतलं. त्या रात्रीचं पुढचं राहिलं सांगायचं. आरएल २५० देऊन प्रेशर ९२ झालं आणि तिथेच थांबलं, मग सरांनी इको केला, पंपिंग चांगलं होतं, भोवती काही नव्हतं, थोडं नॉरअॅड्रेनालिन सुरू केलं आणि पाणी बंद. पहाटे चारला प्रेशर ११०, सकाळच्या स्लिपमध्ये पीएच ७.३६, क्लोराइड १०९. श्वासाची नळी काढल्यावर काकांनी पहिलं विचारलं, आज तारीख काय. एक ऑगस्टला मासेमारीवरची बंदी उठते, बोट पाण्यात जायची, जाळी विणायची राहिली होती म्हणे. चौथ्या दिवशी काट्यावर उभे केले, ऑपरेशनच्या आधी ६८, आता ७१.४.

एकच राहिलं. वरिष्ठ सिस्टरांनी सांगितलं तसं काल मी एका पेशंटचं सगळं पाणी मोजलं, पण ऑपरेशनआधी पंपाच्या नळ्यांत जे पाणी भरतात ते आमच्या चार्टवर कुठेच नाही. ते धरायचं का?

---

गुहागरी_भूलवाला

धरायचं. मोठ्या माणसाच्या पंपाची नळ्यांची जुळणी भरायला साधारण एक ते दीड लिटर लागतं आणि पंप सुरू झाला की ते पेशंटच्या रक्तातच मिसळतं. काही भाग लघवीतून आणि फिल्टर लावला असेल तर त्यातून निघतो. दोन्ही आकडे परफ्युजनिस्टच्या (पंप चालवणाऱ्याच्या) शीटवर असतात, पेशंट ओटीतून येताना ती शीट मागून घ्या, देतात.